मेळ आणि सत्य

एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहून ठेवावी, म्हणजे एक नाहीशी झाली तरी दुसरी हाती राहते, हे शहाणपण आपल्या लोकांत फार जुने आहे. व्यापारी रोजकीर्द लिहितो आणि तीच रक्कम खतावणीत उतरवितो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाची जन्मतारीख अंकी लिहितात व तिच्याजवळ ती अक्षरीही लिहितात. पुष्कळ मुलांना हा निव्वळ शाईचा अपव्यय वाटतो. परंतु ज्याने ही रीत पाडली त्याला मनुष्याच्या हाताचा व डोळ्याचा दुबळेपणा ठाऊक होता. तथापि दोन नोंदी ठेवल्या की त्यांच्याबरोबर एक नवा प्रश्नही जन्मास येतो. त्या दोहोंत फरक पडला, तर खरी कोणती मानावयाची? या प्रश्नाचा विचार आम्हांस नुकताच एका यंत्राच्या निमित्ताने करावा लागला, आणि त्यातून जे उमजले ते विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे असे वाटते.

संगणकातील सर्व मजकूर डिस्क नावाच्या वस्तूवर साठविलेला असतो. डिस्क ही अखेर नाशवंत. ती केव्हा बंद पडेल याचा नेम नाही. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी एका निबंधात असे मांडले की, एका मोठ्या व महागड्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यांत थोडा मजकूर मुद्दाम जादा ठेवावा, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम अडत नाही. या योजनेस 'रेड' असे संक्षिप्त नाव पडले. पुढे ही जोडणी करण्यास निराळे यंत्रही लागेनासे झाले. संगणकाची प्रणालीच ते काम करू लागली. तिला सॉफ्टवेअर रेड म्हणतात.

तिचे दोन प्रकार ध्यानी घ्यावेत. पहिल्यात जे एका डिस्कवर लिहिले जाते तेच दुसरीवरही लिहिले जाते. तो आरसा होय. दुसऱ्यात तीन किंवा अधिक डिस्क असून त्यांत एक प्रकारची बेरीज ठेवलेली असते. समजा, पहिलीवर ७ आहेत व दुसरीवर ५ आहेत, तर तिसरीवर १२ लिहावयाचे. (खरे यंत्र साध्या बेरजेऐवजी द्विमान पद्धतीची रीत वापरते, पण तत्त्व हेच.) दुसरी डिस्क जळाली तर १२ मधून ७ वजा करावे, गेलेले ५ परत मिळतात. येथवर सर्व ठीक आहे. परंतु एकही डिस्क जळालेली नाही आणि तरीही पहिलीवर ७, दुसरीवर ५ व तिसरीवर १३ आढळले तर काय म्हणावे? तिसरी चुकली असेल. किंवा पहिलीवर मुळात ८ असतील. किंवा दुसरीवर ६ असतील. बेरीज चुकली एवढेच गणित सांगते, कोणाची चूक ते सांगत नाही. हरवलेले आणि बदललेले यांत हा मोठा भेद आहे. हरवलेली वस्तू हरवली असे सर्वांस दिसते. बदललेली वस्तू मात्र खऱ्याचाच वेष घेऊन उभी असते.

आमच्या शाळेच्या कार्यालयातील संगणकात आरशाच्या रीतीने जोडलेल्या दोन डिस्क आहेत. जुनी दाखल-खारीज रजिस्टरे जीर्ण झाली, काहींस वाळवी लागली, म्हणून त्यांतील नोंदींची आडनावांच्या क्रमाने एक मोठी यादी करून ती या संगणकात ठेविली आहे. कोणी जुना विद्यार्थी दाखल्याचा उतारा मागावयास आला की बडेबाबू प्रथम ती यादी पाहतात. या कागदांस आज किती मोल आले आहे हे पालकांस सांगावयास नको. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदी मागतात, आणि त्यांतही ठरलेल्या तारखेपूर्वीच्या नोंदीस विशेष वजन असते. आपल्या राज्यात इतर मागासवर्गीयांसाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७ ही आहे, आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत दिग्रसकडील एका तांड्यावरची मुलगी कार्यालयात आली. ती बारावी उत्तीर्ण झाली होती आणि पुढील शिक्षणासाठी तिला आपल्या आजोबांच्या दाखल्याचा उतारा हवा होता. बडेबाबूंनी यादी पाहून शाळेत दाखल झाल्याची तारीख सांगितली, ती मुलीने आपल्या वहीत टिपून घेतली: ३ जुलै १९६१. चार दिवसांनी ती आजोबांना घेऊन उतारा नेण्यास आली, तेव्हा त्याच यादीत त्याच नावापुढे ३ जुलै १९६९ असे दिसू लागले. आठ वर्षांचे अंतर पडले. आणि जी नोंद त्या ठरलेल्या तारखेच्या आधीची होती ती नंतरची झाली.

बडेबाबू जुने, सचोटीचे व कागदास जपणारे गृहस्थ. त्यांच्या मनात सहजच दोन शंका आल्या: मुलीने चुकीचे टिपले असेल, नाहीतर यादीत कोणी हात घातला असेल. मुलगी रडकुंडीस आली. वृद्ध गृहस्थ मात्र आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी तं तोच आहो, माहं सालच कसं बदलते?" या प्रश्नास आमच्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, "काका, तीन दिवसांची मुदत द्या. तोवर कोणीही कोणास दोष देऊ नये." संगणकाची देखरेख आमच्याकडेच असल्यामुळे शोध करणे हे आमचे कर्तव्यच होते.

आमच्या संगणकावरील लिनक्स प्रणालीत डिस्कांचा हा संसार सांभाळणारा 'एमडी' नावाचा भाग आहे. पुष्कळ संगणकांवर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्र उलटल्यावर, तो दोन्ही प्रती आरंभापासून शेवटापर्यंत वाचून एकमेकींशी ताडून पाहतो व न जुळलेल्या जागांची संख्या नोंदवितो. ती संख्या शून्य असावी. आम्ही पाहिले तो ती ३८४ होती. हिचे एकक ५१२ बाइटांचा सेक्टर होय. पण आरशाची तपासणी ६४ किलोबाइटांच्या गठ्ठ्यांनी चालते, म्हणून एका अक्षराचाही फरक पडला तरी संख्या १२८ ने वाढते. तेव्हा ३८४ म्हणजे तीन गठ्ठे जुळत नव्हते.

या प्रणालीत 'दुरुस्ती' नावाची एक आज्ञाही आहे. ती दिली असता पहिल्या डिस्कवरील मजकूर दुसरीवर उतरविला जातो व दोन्ही प्रती सारख्या होतात. बडेबाबू म्हणाले, "सर, ती आज्ञा द्या म्हणजे मिटले." ही सूचना स्वाभाविक होती, परंतु आम्ही ती मानली नाही. पहिली प्रत खरी आहे की नाही हे ती आज्ञा विचारीत नाही. पहिली ती पहिली, एवढाच तिचा न्याय. ज्या न्यायालयात आधी बोलेल तोच खरा ठरतो, तेथे दाद मागण्यास कोण जाईल?

आम्ही प्रथम त्या यादीत काहीही लिहिण्याची मनाई केली. कारण लिहिण्याने पुरावा पुसला जातो. नंतर पाहिले की चूक स्थिर आहे की फिरती आहे. जी चूक प्रत्येक वाचनात त्याच जागी सापडते ती डिस्कवर वस्तीस आहे. जी एकदा दिसते व पुन्हा दिसत नाही ती वाटेत कोठेतरी घडते. संगणकाच्या चालू स्मृतीत न मावणारा मजकूर तात्पुरता ठेवण्याची एक जागा डिस्कवर असते, तिला स्वॅप म्हणतात. ती वर्गातल्या पाटीसारखी आहे. लिहिले, पुसले, अर्धे सोडून दिले. तिच्यातील फरकाने कोणाचे नुकसान होत नाही, पण मोजणीत गोंधळ मात्र होतो. म्हणून ती बंद केली. मग तपासणी तीनदा चालविली. सकाळी ३८४, दुपारी ५१२, रात्री पुन्हा ३८४. तीन गठ्ठ्यांची चूक स्थिर निघाली, आणि दुपारी एक पाहुणी चूक येऊन गेली.

त्यानंतर डिस्कांची प्रकृती पाहिली. प्रत्येक डिस्क आपल्या दुखण्यांची टिपणे स्वतःच ठेवीत असते. त्यांत खराब सेक्टर नव्हते, जोडतारेतील दोषही नव्हते. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. डिस्क प्रत्येक सेक्टरासोबत पडताळ्याचे काही जादा आकडे लिहिते, म्हणून तिचा लेख बिघडला तर बहुधा ती "वाचता येत नाही" असे प्रांजळपणे सांगते. खोटे वाचून दाखविणे तिच्या हातून क्वचित घडते. क्वचित म्हणजे मुळीच नाही असे मात्र नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी १५ लाख ३० हजार डिस्कांची ४१ महिन्यांची माहिती तपासली, तेव्हा पडताळा न जुळण्याचे ४ लाखांहून अधिक प्रसंग त्यांस आढळले.

आता संशय उरला तो चालू स्मृतीवर. डिस्ककडे जाणारा व डिस्कवरून येणारा प्रत्येक शब्द तिच्यातूनच जातो. ती तपासण्याचा कार्यक्रम रात्रभर चालविला. दोष निघाला नाही. परंतु मे महिन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पारा ४४ अंशांच्या वर चढतो, हे लक्षात घेऊन तोच कार्यक्रम दुसऱ्या दिवशी भर दुपारी चालविला. दोन तासांत दोष प्रकट झाला. स्मृतीच्या एका पट्टीतील एकाच जागेचा एकच बिट उष्णता वाढली की आपले वचन मोडीत होता. दुपारच्या पाहुण्या चुकीचा उलगडा झाला.

शेवटी ते तीन गठ्ठे दोन्ही डिस्कांवरून निरनिराळे वाचून काढले. दोन गठ्ठे स्वॅपमधले, म्हणजे पाटीवरचे निघाले. तिसरा त्या यादीचा होता. त्या साऱ्या गठ्ठ्यात एका बाइटाचा फरक होता आणि त्या बाइटातही एकाच बिटाचा. द्विमान पद्धतीत १ हा अंक ०००१ असा लिहितात व ९ हा १००१ असा. डावीकडच्या एका शून्याचा एक झाला की १ चे ९ होतात, १९६१ चे १९६९ होतात, आणि एका मुलीच्या वाटेत धोंड येऊन पडते. आरशाच्या जोडीत वाचावयाचे काम प्रणाली कधी एका डिस्कला सांगते, कधी दुसरीला. म्हणून चार दिवसांत साल बदललेले दिसले. मुलीने चुकीचे टिपले नव्हते, आणि यादीत कोणी हातही घातला नव्हता.

खरे साल कोणते हे अजून ठरावयाचे होते. पहिल्या डिस्कवर १९६९ होते, दुसरीवर १९६१. दोन साक्षीदारांचे दोन जबाब झाले. बिट बिघडतो एवढे कळले, पण तो कोणत्या प्रतीत बिघडला हे त्या दोघींपैकी कोणीच सांगू शकत नव्हती. तेव्हा आम्ही बडेबाबूंसह कपाट उघडून मूळ रजिस्टर काढले. त्याच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पण ती ओळ शाबूत होती: ३ जुलै १९६१. तिच्या आधीचा व नंतरचा दाखल क्रमांकही जुलै १९६१ चाच. शेजारच्या ओळींनी न विचारता साक्ष दिली. बडेबाबूंनी आपल्या हाताने उतारा लिहिला, मुख्याध्यापकांनी सही केली, आणि तो हाती देताना बडेबाबू त्या मुलीस म्हणाले, "बाई, तुझी वही खरी होती." आमच्या मते त्या तीन दिवसांतील सर्वांत मोलाची दुरुस्ती ती हीच.

ती आज्ञा पहिल्याच दिवशी दिली असती तर काय झाले असते याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा. १९६९ हे साल दोन्ही डिस्कांवर उतरले असते. संख्या शून्य झाली असती. यंत्राने सर्व ठीक असल्याचा निर्वाळा दिला असता. मेळ बसला असता आणि सत्य पुसले गेले असते. त्यानंतर शंका घेण्यास जागाही उरली नसती. स्मृतीची सदोष पट्टी बदलून आणि ती ओळ रजिस्टरावरून पुन्हा लिहून झाल्यावरच आम्ही दुरुस्तीची आज्ञा दिली. तेव्हा ती निरुपद्रवी होती, कारण उरलेला फरक पाटीवरचा होता.

हा प्रश्न यंत्रांनीच निर्माण केला असे कोणी समजू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली व ती १९६६ साली पुरी केली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर हे तिचे प्रमुख संपादक होते. देशाच्या नाना भागांतून आलेल्या बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा या कामी उपयोग झाला, आणि त्यांत पाठभेद तर पदोपदी होते. परंतु ज्या पाठाच्या बाजूस अधिक पोथ्या तो खरा, असा सोपा नियम अशा कामात चालत नाही. दहा पोथ्या एकाच मातृकेवरून उतरल्या असतील तर त्या दहांची साक्ष एकीचीच असते. आणि दूरच्या प्रांतातील एक पोथी, जिचा त्या दहांशी संबंध नाही, ती अधिक मोलाची ठरू शकते. साक्षीदार मोजावयाचे नसतात, तोलावयाचे असतात. एका बाकावरील दोन मुलांचे उत्तर एकसारखे चुकले असता शिक्षक त्यास दोन उत्तरे मानीत नाही, हे वर्गातल्या प्रत्येकास ठाऊकच आहे!

यावरून आरशाची मर्यादाही कळते. आरसा चेहरा दाखवितो तसा चेहऱ्यावरचा डागही दाखवितो. यादी कोणी पुसली तर ती दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते. म्हणून खरी दुसरी प्रत ती, जी निराळ्या वेळी, निराळ्या ठिकाणी, निराळ्या हाताने ठेविली आहे. शास्त्रज्ञांनी याहून पुढचेही उपाय काढले आहेत. १९५० साली बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी पडताळ्याचे जादा अंक अशा युक्तीने मांडून दाखविले की, एक बिट बदलला तर तो कोणता हेही त्या अंकांवरूनच कळावे. दोषनिवारक स्मृतीच्या ज्या पट्ट्या आज मिळतात त्यांत हीच कल्पना आहे. शिवाय प्रत्येक लेखाचा चेकसम, म्हणजे त्यातील अक्षरांवरून काढलेली एक ओळखखूण, वेगळी लिहून ठेविता येते. दोन प्रतींत वाद झाला की जिची खूण जुळेल ती खरी. आता आमच्या कार्यालयात त्या यादीची अशी खूण दर महिन्यास कागदावर उतरवून कपाटात ठेवितात.

पालकांस येथे एक विनंती करावीशी वाटते. आपल्याकडील पुष्कळ प्रौढांची जन्मतारीख १ जून आहे. ती सर्व बालके एकाच दिवशी जन्मली असे नव्हे. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की वयाच्या हिशेबास सोयीची म्हणून तीच लिहिण्याचा प्रघात होता. पुढे प्रत्येक कागद त्या पहिल्या कागदावरून उतरला. आज त्यांचे सर्व कागद एकमेकांशी उत्तम जुळतात, आणि त्यांतील एकही खरा नसेल! तेव्हा मुलाचे नाव व तारीख पहिल्या कागदावरच नीट पाहून लिहवावी. पुढे दोन कागदांत फरक निघाला, तर सोयीचा असेल त्याप्रमाणे दुसरा बदलून घेण्याची घाई करू नये. मूळ नोंद कोठे आहे ती शोधावी.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस एवढेच सांगणे आहे. दोन गोष्टी जुळत नाहीत असे आढळले की मनुष्यास अस्वस्थ वाटते आणि ते कसेबसे मिटवून टाकावे असा मोह होतो. प्रयोगवहीतील आकडा पुस्तकातील आकड्याशी जुळला नाही तर तो खोडून जुळता आकडा लिहिणारे हात आम्ही पाहिले आहेत. तसे करू नका. न जुळणे हा अपराध नव्हे. तो एक प्रश्न आहे, आणि प्रश्न जिवंत असेतोवरच त्याचे उत्तर मिळण्याची आशा असते. चूक स्थिर आहे की फिरती ते पाहा, वाट तपासा, ज्याचा या दोहोंशी संबंध नाही असा तिसरा साक्षीदार शोधा. आणि हे सर्व होईपर्यंत कोणा मनुष्यावर ठपका ठेवू नका. कित्येकदा दोष एखाद्या नखाएवढ्या जागेतील उन्हाने तापलेल्या कणाचा असतो, आणि संशय मात्र हाती वही घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या मुलीवर येतो.